पुण्याजवळचा कुंभार आणि कावसजीचं नाक

जळकोटहून आम्ही, बचत गटातल्या तुमच्या बहिणी बोलतोय. आज जरा जुन्या काळातली गोष्ट सांगणार आहोत. पण ती सांगायची वेळ का आली, ते आधी ऐका.

आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले. बायका उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात एका काकूंनी विषय काढला. त्यांचं नाव, गाव आम्ही सांगणार नाही. त्यांच्या लेकीवर नवऱ्याने संशय घेतला आणि भांडणात विळ्याने तिचं नाक कापलं. लेक माहेरी आली. पोलिसांत तक्रार झाली, जखमही भरली. पण नाकाचा शेंडा आणि एका बाजूची पाळी गेली. पोरगी चार महिने तोंडाला पदर बांधून घरात बसली होती. मोठ्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, "नाक पुन्हा तयार करता येईल. कपाळाची कातडी घ्यावी लागेल आणि बरगडीजवळची थोडी कुर्चा लागेल."

काकू तिथूनच लेकीला घेऊन परत आल्या. आम्हाला म्हणाल्या, "नाक गेलं ते गेलं. आता चांगलं कपाळ बी कापू द्यायचं का? एक जखम भरायला दोन नव्या जखमा करायच्या, हे कुठलं शहाणपण?"

एकजण म्हणाली, "दुसऱ्याचं कातडं नाही का लावता येत? पैसे मोजू की."

तिसरी म्हणाली, "हे शहरातलं नवं फॅड असंल माय. आपल्या लेकरावर कशाला करून बघायचं?"

आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. पण आमच्यातल्या एकीने बीएला इतिहास घेतलेला. कपाळाच्या कातडीचं नाक, असं काहीतरी वाचल्याचं तिला आठवत होतं. मग आम्ही शोधलं, वाचलं आणि दवाखान्यात जाऊन विचारलं. तेव्हा कळलं की हे फॅड नाही आणि नवंही नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी आपल्या पुण्याजवळ एका कुंभाराने असंच नाक केलं होतं, आणि ते पाहून विलायतेचे डॉक्टर शिकले.

झालं असं. १७९० ते १७९२ या काळात म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध मोठी लढाई झाली. एका बाजूला टिपू, दुसऱ्या बाजूला इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी, पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम. म्हणजे ज्या निजामाच्या राज्यात आपला मराठवाडा १९४८ पर्यंत होता, तेच राज्य. त्या काळात फौज चालायची ती बैलांवर. तोफा ओढायला बैल, धान्य वाहायला बैल. आपल्या तांड्यांवरची जुनी माणसं लदेणीच्या गोष्टी सांगतात ना, पाठीवर गोण्या लादलेले बैलांचे कळप मुलुखभर फिरायचे म्हणून? त्या लढाईत कंपनीच्या फौजेला धान्य पुरवणाऱ्यांत असे बंजारेही होते. शत्रूची रसद तोडायची तर आधी बैल हाकणारा धरायचा, असा तेव्हाचा हिशोब.

अशाच बैल हाकणाऱ्यांत कावसजी नावाचा एक माणूस होता. शेती करणाऱ्या जातीतला मराठा, असं त्याच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तो टिपूच्या फौजेच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. लढाईत नाकं कापणं हे तेव्हा एकाच राजाचं काम नव्हतं. त्याच शतकात नेपाळात गोरखा राजाने कीर्तिपूर गाव जिंकलं, तेव्हा तिथल्या लोकांची नाकं कापली होती. मारलेला माणूस गप्प होतो. नाक कापलेला गावोगाव फिरतो आणि त्याला बघून इतर घाबरतात. म्हणून हे करायचे.

कावसजी तशाच अवस्थेत श्रीरंगपट्टणजवळ कंपनीच्या फौजेत परत आला. त्याला कंपनीची पेन्शन लागली. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या कुंभार जातीच्या एका माणसाने त्याला नवं नाक लावून दिलं.

हे काम कसं व्हायचं, ते मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी स्वतः पाहिलं होतं. ती हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' नावाच्या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. आम्ही ती आपल्या शब्दांत सांगतो. नीट ऐका, कारण सगळं उत्तर यातच आहे.

आधी मेणाचा पातळ पत्रा घ्यायचा. तो कापलेल्या नाकावर बसवून हवं तसं नाक घडवायचं. मग तेच मेण उघडून सपाट करायचं आणि कपाळावर ठेवायचं. त्याच्या कडेने रेघ मारायची. बाईने ब्लाऊज बेतताना कागदाचा नमुना कापडावर ठेवावा, तसंच हे. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची. पण सगळी नाही! दोन भुवयांच्या मध्ये कातडीची एक छोटी पट्टी जोडलेलीच ठेवायची.

मग नाकाच्या जुन्या जखमेची कड तासून ताजी करायची. कडेने, वरच्या ओठापर्यंत, एक खाच पाडायची. कपाळाची कातडी खाली आणायची, अर्धा पीळ द्यायचा म्हणजे कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. टाके नाहीत. वरून काय लावायचं? कात! आपण पानात खातो तोच कात. पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेली कापडं ठेवायची. पाच-सहा दिवस माणसाला उताणं निजवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापून टाकायची.

आता ती पट्टी पंचवीस दिवस का ठेवायची? मैत्रिणींनो, रोपवाटिकेत आंब्याची भेट कलम बघितली असेल तुम्ही. कुंडीतलं रोप मोठ्या झाडाच्या फांदीला भेटवतात. दोघांची साल तासून घट्ट बांधतात. पण फांदी आईच्या झाडापासून लगेच तोडत नाहीत. जोड पक्का होईपर्यंत ती आईचाच रस पिते. जोड धरला की मग तोडतात. कपाळाच्या कातडीचंही तेच. ती पट्टी म्हणजे तिची नाळ. तिच्यातून रक्त येत राहतं. नाकाच्या जागेवर नव्या रक्तवाहिन्या धरल्या की नाळ कापायची.

आणि ती स्वतःचीच का हवी? याचंही जुनं उत्तर आहे. इटलीत बोलोन्या शहरात टॅग्लियाकोत्सी नावाचे डॉक्टर होते. १५९७ मध्ये त्यांनी या कामावर पुस्तक छापलं. ते दंडाची कातडी घ्यायचे. दंड नाकाला जोडून, हात डोक्याला बांधून माणसाला कित्येक दिवस तसाच ठेवायचे. त्यावरून युरोपात एक थट्टेची गोष्ट पसरली. एका श्रीमंताने म्हणे आपला दंड वाचवला आणि एका गरीब हमालाची कातडी विकत घेऊन नाक केलं. पुढे तो हमाल मेला, तशी इकडे श्रीमंताचं नाक गळून पडलं! गोष्ट खोटीच. पण तिच्यात खरं काय आहे, ते आमच्या त्या दुसऱ्या बाईसाठी सांगतो. दुसऱ्या माणसाची कातडी आपल्या अंगावर कायमची टिकत नाही. शरीर परकं ओळखतं आणि काही आठवड्यांत टाकून देतं. म्हणून कितीही पैसे मोजले तरी गरिबाची कातडी श्रीमंताच्या नाकाला चालत नाही. मेलेल्या माणसाची दान केलेली कातडी दवाखान्यात वापरतात, पण ती बहुतेक मोठ्या भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर काही दिवस झाकण म्हणून. कायमचं नाक करायचं तर मालही आपलाच लागतो.

हे ज्ञान त्या कुंभाराच्याही आधीचं. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक जोडायची रीत दिली आहे. तिथे मेणाऐवजी झाडाचं पान मापाला घेतात आणि कातडी गालाची घेतात. नाकपुड्यांत नळ्या घालायला सांगितलं आहे, वरून ज्येष्ठमधासारख्या औषधांची पूड आणि कापसावर तिळाचं तेल. पोथीतून हे ज्ञान कुंभाराच्या हाती कसं आलं, की त्याच्या घराण्याने ते हातानेच बापाकडून लेकाला दिलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवली नाही, आणि ती आम्हाला फार लागली. रुग्णाचं नाव आहे, कावसजी. बघणाऱ्या दोन डॉक्टरांची नावं आहेत. कावसजीचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराचंही नाव आहे. हा वेल्स तेव्हा पुण्यात राहून पेशव्यांची, नाना फडणवीसांची चित्रं काढत होता. फक्त ज्याने नाक केलं त्याचं नाव नाही. 'कुंभार जातीचा एक माणूस', बस. आपल्या गावातल्या सुईणीसारखं. तिच्या हाताने अर्धं गाव जन्माला आलं, पण कागदावर तिचं नाव सापडत नाही.

त्या मासिकाचा अंक लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या डॉक्टरच्या वाचनात आला. त्यांनी ते डोक्यात ठेवलं, मेलेल्या माणसांवर सराव केला, आणि वीस वर्षांनी, ऑक्टोबर १८१४ मध्ये, एका लष्करी अधिकाऱ्याचं नाक याच रीतीने केलं. १८१६ मध्ये पुस्तक काढलं. मग जर्मनीत झालं, इतर देशांत झालं. आजही जगभरचे डॉक्टर कपाळाच्या कातडीने नाक करण्याला 'भारतीय पद्धत' म्हणतात.

एक ध्यानात घ्या. कावसजीच्या वेळी भूल नव्हती. भूल द्यायची रीत १८४६ मध्ये अमेरिकेत लोकांसमोर आली. जंतू म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. मासिकात लिहिलं होतं की हे काम नेहमी यशस्वीच होतं. आम्हाला ते तसं वाटत नाही. ज्याचं बिघडलं, त्याचं चित्र कोण काढणार? पण एवढ्या यातना सोसूनही माणसं हे करून घ्यायची, यावरून बिननाकाचं जगणं काय असेल ते समजा.

आणि ही माणसं सगळी लढाईतली नव्हती. आता आपल्या बायकांचं बोलू. आपल्या भाषेतच बघा. नाक कापलं म्हणजे अब्रू गेली. घराण्याचं नाक, गावाचं नाक. आणि घराण्याचं नाक राखायची जबाबदारी कुणावर? बाईवर. शूर्पणखेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. नाशिकचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. तिचं नाक पुन्हा कुणी जोडलं का, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. संशयावरून बायकोचं नाक कापायचं, हे या देशात शतकानुशतकं चालत आलं. गेल्या शतकाच्या आधी हिंदुस्थानात काम करणाऱ्या डॉक्टरांनी अशा बायकांच्या नोंदी केल्या आहेत. गुजरातेत जुनागडला त्रिभुवनदास मोतीचंद शहा नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८८९ मध्ये आपण केलेल्या शंभर नाकांची हकीकत छापली. एका डॉक्टरकडे शंभर कापलेली नाकं आली, मैत्रिणींनो. किती विळे, किती सुऱ्या चालल्या असतील?

कावसजीचं नाक शत्रूने कापलं, म्हणून त्याला पेन्शन मिळाली आणि त्याचं चित्र निघालं. बाईचं नाक घरच्याने कापलं, तर तिलाच तोंड लपवावं लागलं. काकूंची लेक आजही पदर बांधून बसते, ती याच चालीमुळे. लाज ज्याने विळा उचलला त्याची आहे, तिची नाही.

पुण्याजवळची ही गोष्ट पुढेही चालू राहिली. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार झडतो आणि नाक बसतं. रोग बरा झाला तरी बसलेल्या नाकावरून लोक ओळखतात आणि लांब ठेवतात. स्वातंत्र्यानंतर डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात अशा लोकांच्या नाकांवर, हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले. याच अंतियांनी नंतर रायगड जिल्ह्यात मांडव्याला खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांचं म्हणणं असं होतं की साधी बाई समजून घेतलं तर गावाचं बरंचसं आरोग्य सांभाळू शकते. आम्हाला ते वाचून बरं वाटलं.

आता काकूंचा प्रश्न. चांगलं कपाळ का कापायचं? आम्ही दवाखान्यात विचारलं, ते असं. मांडीची पातळ कातडी काढून लावतात, ती खालच्या ओल्या जखमेतून रक्त ओढून जगते. भाजलेल्या जागेवर ती चालते. आणि जिथून काढली तिथे खरचटल्यासारखी जखम होते, ती साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते. पण नाकात खाली पोकळी आहे. तिथे स्वतःचं रक्त घेऊन येणारी कातडी लागते. कपाळ नाकाच्या शेजारी आहे, त्याचा रंग आणि जाडी नाकाशी जुळते, आणि भुवयांजवळून चांगली रक्तवाहिनी वर जाते. म्हणून कपाळ. बरगडी काढत नाहीत. बरगडीच्या पुढच्या टोकाला मऊ कुर्चा असते, तिचा तुकडा घेतात. नाक बसू नये म्हणून तो खांबासारखा. थोडंसंच हवं असेल तर कानामागून घेतात, कानाचा आकार बदलत नाही. सगळं भूल देऊन करतात.

कपाळावर व्रण राहतो, हे खोटं सांगू नये. तो कालांतराने फिका होतो. पट्टी आजही साधारण तीन आठवड्यांनी कापतात, म्हणजे त्या कुंभाराचा आणि आजच्या डॉक्टरांचा हिशोब जवळपास तोच. ते तीन आठवडे सगळ्यांत अवघड. कपाळापासून नाकापर्यंत कातडीची सोंड दिसते. बघणारा दचकतो. नंतरही आकार नीट करायला एक-दोन छोट्या शस्त्रक्रिया लागू शकतात.

आणि एक, आपल्या बायांसाठी खास. मिसरी, तंबाखू, विडी यांनी रक्तवाहिन्या आकसतात. लावलेली कातडी काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच मिसरी बंद करायची, आणि डॉक्टर सांगतील तोवर हात लावायचा नाही. कात आणि तूप घरी कुणी जखमेवर लावू नका बरं. तो काळ वेगळा होता.

अशी वेळ कुणावर आली तर काय करायचं? जखम स्वच्छ ओल्या कापडाने झाकून लगेच दवाखाना गाठायचा. तुटलेला तुकडा सापडला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, ती पिशवी बर्फाच्या भांड्यात ठेवायची आणि सोबत न्यायची. बर्फ थेट तुकड्याला लावायचा नाही. खर्च सरकारी योजनेत बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारायचं. चेहरा कायमचा विद्रूप करणं ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. 'घरातलं भांडण' म्हणून ती मिटवायची नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आम्ही हे सगळं पुढच्या बैठकीत सांगितलं. काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कपाळावर व्रण राहिला तर मी तिला कुंकू कुठं लावू?" लेक पहिल्यांदाच बैठकीला आली होती, मागे बसली होती. ती पदराआडून म्हणाली, "आई, टिकली माझी मी लावीन. आधी नाक होऊ दे."

तिची पहिली शस्त्रक्रिया झाली आहे. सध्या ती सोंडेचे दिवस काढते आहे. घरी बघायला येणाऱ्यांची गर्दी नको म्हणून आमच्यातली एकजण रोज दुपारी तिच्यापाशी जाऊन बसते. आम्ही तिला कावसजीची गोष्ट सांगितली, त्याचं चित्रही मोबाईलवर दाखवलं. तिने ते मोठं करून नाक नीट बघितलं आणि विचारलं, "आणि ज्यानं केलं त्याचा फोटो?"

तो नाही, असं आम्ही सांगितलं. म्हणून ही गोष्ट आज रेडिओवर सांगितली. तुमच्या गटात पुढे सांगा.